गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन कशी पारखायची: आधी काय बघायचं, नंतर काय

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम कमी पडली तर पुढच्या वर्षी वाढवता येते, एसएसडी भरली तर मोठी टाकता येते. स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्ड मात्र पहिल्या दिवशी जे घेतलं तेच लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत. तरी खरेदीला गेलेला माणूस रॅमवर अर्धा तास घासाघीस करतो आणि स्क्रीनच्या बाबतीत विक्रेता म्हणाला, "सर, टू-के आहे, १४४ हर्ट्झ आहे, डोळे झाकून घ्या," की खरंच डोळे झाकतो.

गेल्या दिवाळीत दाजींच्या हातात सोयाबीनची पट्टी पडली आणि दुसऱ्याच दिवशी वसमतहून नांदेडला जाऊन भाच्याने लॅपटॉप आणला. आठवड्याने त्याचा फोन: "मामा, गेम लावलं की सगळं धुरकट दिसायलंय. स्क्रीन खराब निघाली वाटतं." जाऊन बघितलं तर स्क्रीन ठणठणीत होती. ती होती २५६० × १६०० ठिपक्यांची (पिक्सेलची), आणि आत ग्राफिक्स कार्ड होतं ४ जीबीचं आरटीएक्स ३०५०. पूर्ण रिझोल्यूशनवर गेम अडखळत होता, म्हणून पोराने गेममध्ये १९२० × १०८० लावलं होतं. त्यामुळे अक्षरांच्या कडा पसरल्या आणि लांबचा शत्रू धुक्यात गेला. त्याने दुकानात आधी रिझोल्यूशन बघितलं, मग किंमत आणि शेवटी कार्ड. बहुतेक जण याच क्रमाने जातात, म्हणून पुढचे टप्पे मुद्दाम उलट्या बाजूने लावले आहेत.

टप्पा १: दुकानात जायच्या आधी, घरी

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. लॅपटॉप दिवसाचा जास्त वेळ कुठे उघडणार? कोणते तीन गेम सगळ्यात जास्त खेळणार, नावानिशी? गेम सोडून त्यावर आणखी काय करणार: कोडिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग की नुसतं वाचन?

यातल्या पहिल्या प्रश्नाकडे कुणी लक्ष देत नाही आणि पस्तावा तिथेच होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी दारं-खिडक्या लावून कूलर सुरू असतो, खोलीत अंधारच. तेव्हा कोणतीही स्क्रीन चांगली दिसते. तोच लॅपटॉप हिवाळ्यात दार उघडं ठेवून ओसरीवर घेतला, किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसलात, की गेममधल्या अंधाऱ्या खोलीऐवजी स्वतःचा चेहरा दिसायला लागतो.

म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला त्या जागेवर प्रत्यक्ष बसून बघा. मोबाईलची स्क्रीन बंद करून लॅपटॉपच्या जागी उभी धरा. त्या काळ्या काचेत खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली, तर चकचकीत स्क्रीनच्या लॅपटॉपवरही ती तशीच दिसणार. लातूरला कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत ट्यूबलाइट बरोबर पाठीमागच्या भिंतीवर असते. तिथे मॅट, म्हणजे अँटी-ग्लेअर स्क्रीनच घ्यावी.

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. माझा अनुभव असा:

- २५० निट्स: पडदा ओढलेल्या खोलीत किंवा रात्री पुरतात. दिवसा उघड्या खिडकीजवळ नाही.
- ३०० निट्स: घरातल्या साध्या उजेडाला ठीक. याच्या खाली शक्यतो जाऊ नका.
- ४०० आणि वर: खिडकीजवळ, ओसरीवर, कॉलेजच्या उजेडाच्या वर्गात निर्धास्त वापरता येतो.

उघड्या उन्हात कोणताच लॅपटॉप नीट दिसत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

तपासा: कागदावर आता "जागा उजेडाची" किंवा "जागा सावलीची" असं लिहिलेलं हवं. ते नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: तुमचे गेम कोणत्या जातीचे

व्हॅलोरंट, सीएस २ यांसारखे निशाणेबाजीचे स्पर्धेचे गेम हलके असतात. साधं कार्डही त्यांत सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं काढतं. इथे कामाला येतात ते हर्ट्झ, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते, आणि पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेग. रिझोल्यूशन दुय्यम.

सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे कथा असलेले जड गेम उलटे. त्यांत मधल्या किमतीचं कार्ड ५०-६० फ्रेम देत असेल तर २४० हर्ट्झची स्क्रीन त्या गेमपुरती वायाच. तिथे रंग, काळ्याचा गडदपणा आणि उजेड जास्त मोलाचे.

दोन्ही खेळत असाल तर जास्त वेळ कशात जातो ते खरं लिहा. ठरवता येत नसेल तर १४४ किंवा १६५ हर्ट्झ धरा. दोन्हीकडे निभावतं.

टप्पा ३: आधी कार्ड, मग रिझोल्यूशन

रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर किती ठिपके आहेत. गेम चालू असताना यातला प्रत्येक ठिपका कार्डाला दर फ्रेमला नव्याने रंगवावा लागतो. आकडे समोर ठेवा:

- १९२० × १०८० (फुल एचडी): २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल
- १९२० × १२००: २३ लाख ४ हजार
- २५६० × १४४० (दुकानातलं 'टू-के'): ३६ लाख ८६ हजार ४००
- २५६० × १६००: ४० लाख ९६ हजार
- ३८४० × २१६० (फोर-के): ८२ लाख ९४ हजार ४००

म्हणजे फुल एचडी सोडून २५६० × १६०० घेतलं की कार्डावर जवळपास दुप्पट पिक्सेलचा बोजा पडतो, आणि फोर-केवर चौपट. कार्ड तेच, पगार तोच, काम दुप्पट. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये हेच झालं.

"मग रिझोल्यूशन कमी करून खेळू," हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज. एलसीडी असो वा ओएलईडी, स्क्रीनचे ठिपके जागचे हलत नाहीत. २५६० च्या रांगेत १९२० ठिपके बसवायचे तर एका ठिपक्याला सव्वा-दीड खण येतो, आणि तो अर्धवट भाग शेजाऱ्याच्या रंगात मिसळून टाकावा लागतो. धुरकटपणा येतो तो इथून. शिवाय २५६० × १६०० ची स्क्रीन १६:१० मापाची आणि १९२० × १०८० हे १६:९ मापाचं. त्यामुळे एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, नाहीतर चित्र उभं ताणलं जातं.

यावरचा इलाज आहे, पण तो ठिगळच. गेममध्ये रिझोल्यूशन स्क्रीनचं पूर्ण ठेवायचं आणि गेमच्या सेटिंगमधलं डीएलएसएस किंवा एफएसआर सुरू करायचं. मग गेम आतून कमी पिक्सेलवर बनतो आणि हुशारीने मोठा केला जातो. २५६० × १६०० वर डीएलएसएस 'क्वालिटी'ला ठेवलं तर चित्र आतून साधारण १७०७ × १०६७ वर तयार होतं, 'परफॉर्मन्स'ला ठेवलं तर १२८० × ८०० वर. भाच्याच्या लॅपटॉपवर हेच करून दिलं आणि अक्षरं लगेच स्वच्छ झाली. पण ही सोय प्रत्येक गेममध्ये नसते, आणि ४ जीबी ग्राफिक्स मेमरी तरी अपुरीच राहते.

माझा सरळ सल्ला असा:

- आरटीएक्स ३०५०, ४०५० किंवा ५०५०: फुल एचडी किंवा १९२० × १२००. जास्त रिझोल्यूशन फुकट मिळत असलं तरी दोनदा विचार करा.
- आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०: स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याने फुल एचडी. कथेचे गेम आणि एडिटिंग असेल तर २५६० × १६००, जड गेममध्ये डीएलएसएसच्या भरवशावर.
- आरटीएक्स ४०७०, ५०७० आणि वर: २५६० × १६०० बिनधास्त.
- फोर-के: पंधरा-सोळा इंची लॅपटॉपवर गेमसाठी मी कुणालाच सांगत नाही.

सावध: कार्डाच्या नावावर जाऊ नका, त्याला किती वीज मिळते ते, म्हणजे वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० हेच नाव ३५ वॅटच्या पातळ लॅपटॉपमध्येही असू शकतं आणि ११५ वॅटच्या जाड लॅपटॉपमध्येही. दोघांच्या फ्रेममध्ये मोठी तफावत असते. कंपनीच्या वेबसाइटवर 'टीजीपी' किंवा 'मॅक्स ग्राफिक्स पॉवर' असं लिहिलेलं असतं. कमी वॅटचं कार्ड असेल तर वरच्या यादीत एक पायरी खाली उतरा.

आकाराचाही हिशोब घ्या. १५.६ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण १४१ पिक्सेल. १६ इंचांवर २५६० × १६०० म्हणजे साधारण १८९. दीड-दोन फुटांवरून हलत्या गेममध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. तास-तास कोड किंवा पीडीएफ वाचताना मात्र जाणवतो, विशेषतः मराठीत. फुल एचडीवर बारीक टाइपातले रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांट्या गिचमीड होतात, १८९ वर सुटी दिसतात. ज्याचा अर्धा दिवस वाचनात जातो आणि कार्डही दमदार आहे, त्याने जास्त रिझोल्यूशनचे पैसे जरूर द्यावेत.

बजेट अडलं असेल तर आणखी एक वाट आहे. फुल एचडी स्क्रीनचा पण चांगल्या कार्डाचा लॅपटॉप घ्या आणि सहा-आठ महिन्यांनी घरी बसून खेळायला २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची २५६० × १४४० मॉनिटर जोडा. चांगला मॉनिटर मागून घेता येतो, कार्ड नाही. त्यासाठी लॅपटॉपला एचडीएमआय (मॉनिटरची केबल लावायची जागा) २.० किंवा २.१ आहे ना ते आताच बघून ठेवा. २.० वर २५६० × १४४० ला १४४ हर्ट्झ मिळतात, फोर-केला १२० हर्ट्झ हवे असतील तर २.१ लागतं.

टप्पा ४: पॅनेलची जात आणि जाहिरातीतले आकडे

रिझोल्यूशन ठरलं. आता त्याच रिझोल्यूशनची चांगली स्क्रीन कोणती आणि टाकाऊ कोणती, हे ओळखायचं. दोन लॅपटॉपवर "१५.६ इंच फुल एचडी १४४ हर्ट्झ आयपीएस" असं अक्षरशः एकच वाक्य लिहिलेलं असतं आणि शेजारी ठेवले तर एक जिवंत दिसतो, दुसरा धुतलेल्या कपड्यासारखा. भानगड दोन ठिकाणी असते.

पहिली रंगांची. '४५ टक्के एनटीएससी' किंवा '६२.५ टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं दिसलं की समजा ही स्वस्तातली स्क्रीन. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांचा पट्टा मोजायची दोन मापं, आणि या दोन्ही आकड्यांचा अर्थ जवळपास एकच. वेबसाइट, फोटो, बहुतेक गेम ज्या रंगांच्या पट्ट्यात बनतात त्यातले सुमारे एकतृतीयांश रंग ही स्क्रीन दाखवूच शकत नाही. लाल विटकरी होतो, हिरवा मळकट. तुम्हाला हवं ते '१०० टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी', हेही जवळपास एकच. '१०० टक्के डीसीआय-पी३' (आणखी मोठा रंगपट्टा) असेल तर त्याहून उत्तम, एडिटिंग करणाऱ्याला फार उपयोगी.

सावध: यादीत रंगांचा आकडाच दिला नसेल तर तो ४५ टक्के एनटीएससी धरून चाला. चांगला आकडा कंपनी लपवत नाही.

दुसरी भानगड वेगाची. १४४ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, दर ६.९ मिलीसेकंदांना एकदा. पण पिक्सेलला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला २०-२५ मिलीसेकंद लागत असतील, तर आधीचं चित्र पुसायच्या आत पुढचं येऊन आदळतं आणि हलत्या माणसामागे सावली ओढली जाते. ४५ टक्क्यांच्या स्क्रीनना बहुधा हाच रोग असतो. त्यामुळे स्वस्तातली १४४ हर्ट्झ स्क्रीन आकड्याने १४४ ची असूनही डोळ्याला तशी वाटत नाही. खोक्यावरच्या "३ मिलीसेकंद" वर विसंबू नका. तो आकडा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो.

आता पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्या मूळ पडद्याच्या जाती थोडक्यात. आयपीएस: रंग आणि तिरक्या कोनातून दिसणं चांगलं, काळा रंग जरा करडा, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातला फरक) साधारण १०००:१. गेमिंगला बहुतेकांनी हेच घ्यावं. टीएन: आता फार दिसत नाही. वरून किंवा खालून बघितलं की रंग बिघडतात, घेऊ नका. व्हीए: काळा गडद, पण अंधाऱ्या दृश्यात सावल्या ओढल्या जातात. मिनी एलईडी: उजेड आणि काळा दोन्ही उत्तम, किंमतही तशीच.

ओएलईडीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आता मधल्या किमतीतही हे पॅनेल यायला लागलं आहे आणि दुकानात ते बघितलं की पाय निघत नाही. काळा म्हणजे खरोखर काळा, रंग भरलेले, पिक्सेलचा वेग एक मिलीसेकंदाच्या आत. पण घेण्याआधी तीन गोष्टी विचारात घ्या. ही स्क्रीन बहुधा चकचकीत असते, तेव्हा टप्पा १ मधला तुमचा कागद काढा. जागा उजेडाची असेल तर इथेच थांबा. दुसरं, रोज सहा-सात तास एकच गेम खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर कोपऱ्यातला नकाशा आणि गोळ्यांचा आकडा एकाच जागी असतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा पुसट ठसा उमटण्याचा धोका राहतो. टास्कबार लपवून ठेवणं आणि स्क्रीन लवकर बंद होऊ देणं एवढी शिस्त पाळावी लागते. तिसरं, बरेच ओएलईडी पॅनेल उजेड कमी केल्यावर सूक्ष्मपणे लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनी दुकानात उजेड निम्म्यावर आणून पंधरा मिनिटं वाचून बघावं.

आणखी एक बाब यादीत शोधा: मक्स स्विच. तो नसेल तर मोठ्या कार्डाने बनवलेलं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्गे स्क्रीनवर येतं आणि वाटेत काही फ्रेम गळतात. १४४ च्या वर फ्रेम हव्या असलेल्यांना हा फरक जाणवतो. जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसत नाही, तेही बघा.

टप्पा ५: पूर्ण मॉडेल नंबर मिळवा

लॅपटॉपच्या नावावर खरेदी करू नका. एकाच नावाखाली तीन-चार स्क्रीन विकल्या जातात. यूट्यूबवर परीक्षण बघितलेलं असतं १०० टक्के एसआरजीबीच्या लॅपटॉपचं, आणि सेलमध्ये पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळालेला असतो तो ४५ टक्केवाला. नाव तेच, झाकणावरचं चिन्ह तेच, मागचे दोन-तीन अक्षर-आकडे वेगळे.

ऑनलाइन घेत असाल तर पानावर खाली 'मॉडेल नंबर' किंवा 'पार्ट नंबर' असतो. तो जसाच्या तसा कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर शोधा आणि तिथली स्क्रीनची ओळ वाचा. विक्रेत्याने लिहिलेली ओळ आणि कंपनीची ओळ जुळली नाही, तर कंपनीची खरी धरा. मग त्याच नंबरचं परीक्षण शोधा. नोटबुकचेकसारख्या ठिकाणी स्क्रीन यंत्राने मोजतात: निट्स, रंग, पिक्सेलचा वेग, सगळं. फक्त परदेशातल्या मॉडेलची स्क्रीन भारतातल्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तिथलाही नंबर जुळवा.

दुकानातून घेत असाल तर नंबर खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. मोबाईलने त्याचा फोटो काढा आणि तिथेच उभं राहून शोधा. दुकानदार घाई करत असेल तर म्हणा, "दादा, चहा पिऊन येतो." दहा मिनिटांत लॅपटॉप कुठे जात नाही.

तपासा: निट्स, रंगांची टक्केवारी, हर्ट्झ, रिझोल्यूशन, कार्डाचे वॅट. हे पाचही कंपनीच्या पानावरून कागदावर उतरले का? एखादं सापडत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा. फोनवरचं उत्तर नंतर कुणी मानत नाही.

टप्पा ६: दुकानातली वीस मिनिटं

ऑनलाइनच घ्यायचं ठरलं असलं तरी एकदा संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला जाऊन डेमो पीस बघून या. तालुक्याच्या दुकानात बहुधा एखाद-दुसराच गेमिंग लॅपटॉप मांडलेला असतो, तुलना करायला शेजारी दुसरा नसतो.

जाताना पेन ड्राइव्हवर सहा चित्रं न्या. पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं, आणि एक तुमच्या ओळखीचा रंगीत फोटो. मी बहिणीच्या लग्नातला पैठणीचा फोटो नेतो. राणी रंगाचं पोत, हिरवे काठ, जरीचे मोर. प्रत्यक्ष साडी शंभर वेळा बघितलेली असल्यामुळे स्क्रीन कुठे खोटं बोलते ते लगेच कळतं. ४५ टक्क्यांच्या स्क्रीनवर तो राणी रंग फिकट पडतो आणि जरी पिवळ्या दोऱ्यासारखी दिसते. मोबाईलशी तुलना करू नका. बऱ्याच मोबाईलच्या स्क्रीन रंग मुद्दाम भडक दाखवतात.

आता क्रमाने:

१. चार्जर लावायला सांगा आणि उजेड पूर्ण करा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप उजेड आपोआप उतरवतात, हर्ट्झही ६० वर आणतात. चार्जरशिवाय बघितलेली स्क्रीन बघितली असं धरू नका.

२. डेस्कटॉपवर उजवं बटण, 'डिस्प्ले सेटिंग्ज', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'. इथे रिझोल्यूशन आणि हर्ट्झ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

३. पांढरं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावा. कोपरे पिवळे किंवा मळके दिसतात का? कुठे काळा ठिपका? मग लाल, हिरवं, निळं लावून वेगळ्या रंगाचा अडकलेला ठिपका शोधा.

४. काळं चित्र लावा. दुकानाच्या झगमगाटात काही कळत नाही, म्हणून मोठा टॉवेल न्यायचा आणि डोक्यावरून लॅपटॉपसकट पांघरायचा. दस्तीने भागत नाही. लोक बघतील, बघू द्या. कडेने उजेड झिरपताना दिसतो का ते पाहा. आयपीएसवर कोपऱ्यात किंचित चमक असणारच, आणि डोकं हलवल्यावर ती हलते. एकाच जागी घट्ट बसलेला पांढरा डाग मात्र दोष.

५. ओळखीचा फोटो लावून समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि उभ्याने बघा.

६. इंटरनेट असेल तर 'टेस्ट यूएफओ' ही साइट उघडा. सरकणाऱ्या तबकडीमागे किती लांब सावली ओढली जाते ते दोन लॅपटॉपवर शेजारी-शेजारी बघा. नेट नसेल तर काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा मजकूर भराभर सरकवा आणि अक्षरं वाचता येतात का ते पाहा.

७. शेवटी लॅपटॉप दुकानाच्या दाराकडे, उजेडाकडे तोंड करून ठेवायला सांगा. टप्पा १ मधल्या जागेची आठवण ठेवून एक मिनिट बघा.

सावध: डेमो पीस आणि सीलपॅक खोक्यातला लॅपटॉप यांचा पार्ट नंबर एकच आहे ना ते पैसे देण्याआधी जुळवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला डेमो एक दाखवला गेला आणि खोक्यातून दुसराच निघाला. बिलावर फक्त मालिकेचं नाव होतं, त्यामुळे भांडायलाही काही हातात नव्हतं. बिलावर पूर्ण पार्ट नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

टप्पा ७: खोकं घरी आल्यावर, त्याच दिवशी

ऑर्डर देण्याआधीच परतीच्या अटी वाचून ठेवा. लॅपटॉपवर अनेक विक्रेते पैसे परत देत नाहीत, ठरावीक दिवसांत फक्त बदलून देतात, आणि तेही कंपनीच्या माणसाने दोष मान्य केल्यावर. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल बऱ्याच कंपन्या दोष धरतच नाहीत. गावाच्या पिनकोडवर माल पोचतो की नाही, आणि परत न्यायला कुरिअर येतो की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही तपासा. गावात परतीची सोय नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा.

खोकं फोडताना सील, स्टिकर आणि पहिल्यांदा सुरू होणारी स्क्रीन एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. मग विंडोज अपडेट करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका आणि पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जा. हर्ट्झ ६० वर असतील तर १४४ किंवा जे असतील ते निवडा. महिनोन्महिने १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ६० ने खेळणारी मुलं मी बघितली आहेत. मक्स स्विच असेल तर कंपनीच्या कंट्रोल अ‍ॅपमध्ये जाऊन तो मोठ्या कार्डाकडे वळवा. गेमच्या आतली हर्ट्झची आणि फ्रेमच्या मर्यादेची सेटिंगही बघा, तिथेही ६० अडकलेलं असतं.

रात्री दिवे बंद करून टप्पा ६ मधली पाचही साध्या रंगांची चित्रं पुन्हा लावा. आता टॉवेलची गरज नाही.

मग पॅनेलचा कोड वाचा. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, 'मॉनिटर्स'वर जा, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडी' निवडा. तिथे बीओई, एयूओ, सीएमएन, एलजीडी किंवा एसडीसी यांपैकी काहीतरी आणि पुढे चार अक्षर-आकडे दिसतील. पहिली तीन अक्षरं पॅनेल बनवणाऱ्याची. हा पूर्ण कोड आणि लॅपटॉपचं नाव एकत्र शोधलं की ती स्क्रीन किती निट्सची आणि किती टक्के रंगांची ते बहुधा सापडतं. कागदावरच्या आकड्यांशी जुळवा.

वीज गेलेली असताना गेम अडखळला म्हणून लॅपटॉपला दोष देऊ नका. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वॅट मिळत नाहीत आणि स्क्रीनही मंदावते. दोष ठरवायचा तो चार्जर लावूनच.

दोष खरोखर निघाला तर उद्यावर टाकू नका. लाइट बंद करून स्क्रीनचा फोटो काढा, दुसऱ्या फोटोत तोच लॅपटॉप आणि तळाचा सीरियल नंबर घ्या, बिल जोडा आणि त्याच रात्री अ‍ॅपवरून किंवा ईमेलने तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक त्याच कागदावर लिहा. आठवडाभर कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यासाठी तो कागद, बिल आणि व्हिडिओ जवळ हवेत, आणि खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवलेलं हवं.